रिपोर्ट नॉर्मल, पोट नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय जरा पोटातला आहे, पण घरच्यांनीही वाचावा म्हणून मुद्दाम इथे.

नावड्याहून ठाण्याला नोकरीला जायचं म्हणजे आधी नावडे रोडहून दिव्याची गाडी. ती चुकली की पुढची लगेच नसते. आणि गेली दोन वर्षं नेमकी निघायच्या वेळी पोटात कळ येते. सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बीणही घालून झाली. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका," इति डॉक्टर. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला: हिच्या मनाचे खेळ!

मग मीच वाचायला घेतलं. आपल्या आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी असतात. त्यांचं एक जाळं स्नायूंच्या दोन थरांमध्ये असतं, ते अन्न पुढे ढकलतं. दुसरं आतल्या अस्तराखाली, ते पाचकरस आणि रक्तपुरवठा बघतं. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ साली दाखवलं की कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी त्याचं काम चालूच राहतं. आत गोळा आला की त्याच्या मागे आतडं आवळतं, पुढे सैल पडतं. मेंदूला न विचारता!

साधारण ५००० बाळांत एक बाळ मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशींशिवायच जन्मतं. याला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. तो भाग सैलच पडत नाही. शी अडते, पोट फुगतं, ऑपरेशन करून तो भाग काढावा लागतो. त्या तान्ह्या जिवाला कोणी "टेन्शन घेऊ नकोस" म्हणेल का?

माझ्या दुखण्याला आयबीएस म्हणतात. त्यात पोट आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांची गडबड होते. आतडं जास्त हळवं होतं, साध्या वायूनेही कळ येते. दुर्बिणीतून अस्तर दिसतं, नसांचं काम दिसत नाही. टेन्शनने हे वाढतं, मान्य. पण टेन्शनने वाढणारं दुखणं खोटं कसं? ब्लडप्रेशरला आपण असं म्हणतो का?

माझं म्हणणं एवढंच, की "रिपोर्ट नॉर्मल" म्हणजे "काही झालेलं नाही" असं नव्हे. शौचातून रक्त, घटणारं वजन असलं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टर गाठायलाच हवा. ते नसलं तरी त्या माणसाचं ऐकून तरी घ्या.

हल्ली मी अर्धा तास आधी उठते. काही पोटात पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून चहा-पोळी लवकर उरकते आणि त्याला त्याचा वेळ देते. बऱ्याचदा गाडी मिळते.

असो. तुमच्या घरी कोणाचं पोट असं "नॉर्मल" आहे का?