दिवाणखान्यातील तसबिरी

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तेव्हापासून ज्या लक्ष्मी-सरस्वतींचे दर्शन पूर्वी संस्थानिकांच्या महालांतच घडावयाचे, त्या काचेच्या चौकटीत बसून सामान्य कारकुनाच्या आणि चाळकऱ्याच्याही भिंतीवर विराजमान झाल्या. या तसबिरी आढ्यालगत, दोरीने बांधून, पुढे किंचित झुकत्या टांगीत, आणि हल्लीच्या गृहसजावटकारास ती रीत गावंढळ वाटते. परंतु ज्या घरात खुर्ची-मेजाचा सरंजाम नव्हता, बिछायतीवर लोडाला टेकून बसणे हाच शिरस्ता होता, तेथे खालून वर पाहणाऱ्या डोळ्यांस काचेवरील उजेडाची तिरीप न लागता चित्र समोर दिसावे, ही तजवीज त्या झुकण्यात होती. आज बैठक जमिनीवरून कोचावर आली, तेव्हा तसबिरीनेही खाली यावे हे मला मान्य आहे.

तक्रार आहे ती निराळीच. कोचाच्या कापडाशी रंग जुळतो एवढ्याच कारणास्तव एखादे चित्र पसंत करावे आणि आजोबांची तसबीर, तिची चौकट काळवंडली म्हणून, माळ्यावर रवाना करावी, हा न्याय कोणत्या दप्तरी नोंदलेला आहे? दहा-बारा फुटांच्या खोलीत सारे काही मावत नाही, हे खरे. मग काचेच्या कपाटातील, कोणी कधी न वापरलेले चहाचे पेले आधी हलवावेत. आमच्या जुन्या घरी त्या झुकत्या तसबिरीमागे चिमण्या दरसाल घरटे करीत, आणि पिले उडेपर्यंत तिची धूळ झटकण्याची कोणासही मुभा नसे.