जुनं काढायला सांगितलं कुणी?

बाबांचं डीटीपीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईच्या तोंडावर मी हौसेनं मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. त्यानं जुनं गुपचूप काढलं, सोबत त्याचे फॉन्टही. युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टांत केलेल्या पत्रिका उघडल्या, तर वधूवरांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. बाबा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

'नीट वाचायचं ना!' म्हणे. वाचायला होतं काय? विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जुनी आवृत्ती शोधून काढायची सोय असते. तुम्हाला विचारायचं की नाही, हे सॉफ्टवेअर बनवणारा ठरवतो. तुमचं काम बुडालं तरी त्याच्या लेखी इन्स्टॉल यशस्वीच! अँड्रॉइडवर अ‍ॅपचं जुनं व्हर्जन परत टाकायचं तर आधी नवं काढा, आणि त्याबरोबर फोनमधला त्याचा डेटाही घालवा.

जुन्यात सुरक्षेची भोकं राहतात, मान्य. मग फेडोरा लिनक्स एरवी 3 कर्नल का ठेवतं? नवा चालला नाही तर जुन्यावर मशीन सुरू करता यावं म्हणून. खुद्द विंडोजही अपग्रेडनंतर 10 दिवस परतीची वाट ठेवतं. (2016 पर्यंत 30 होते.) म्हणजे जमतं की!

मला फक्त एक चौकोन हवाय : 'जुनं राहू दे'. त्यावर आधीच टिक केलेली.

बाबांनी जुनी सीडी शोधून ते व्हर्जन कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टाकलंय. त्याला नेट नाही. आणि मला हात लावायची बंदी आहे.