बसायचे कोणी आणि कुठे?

घर बांधताना आपल्याकडे विचार होतो तो भिंतींचा, स्लॅबचा आणि फरशीचा. फर्निचरची आठवण येते ती वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला टाकल्यावर. मग एखाद्या रविवारी घरातली चार-पाच माणसे तालुक्याच्या गावी जातात, दुकानात ओळीने मांडलेल्या सोफ्यांवर बसून पाहतात, कापडाच्या रंगावरून थोडे मतभेद होतात आणि संध्याकाळपर्यंत टेम्पोतून सामान घरी येते. या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. यावर बसणार कोण, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी?

इंदापूर तालुक्यातले कळस हे माझ्या नेहमीच्या जाण्यायेण्यातले गाव. ऊस, द्राक्षे आणि डाळिंब यांच्या पैशावर या पट्ट्यात अनेक टुमदार बंगले उभे राहिले. बहुतेक बंगल्यांच्या दिवाणखान्यात सोफा असतो, त्यावर विणलेले आच्छादन असते, समोर काचेचे टीपॉय असते. आणि घरातली माणसे? ती बाहेर असतात. कोणी पायरीवर, कोणी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, कोणी लिंबाखालच्या बाजेवर. पाहुणा आला की त्याला आत नेऊन सोफ्यावर बसवतात. पण चहा झाला की तोही हळूच म्हणतो, ‘चला, जरा बाहेर बसू.’

याचे कारण हवेत आहे. बारामती-इंदापूरचा हा भाग पर्जन्यछायेचा. पाऊस बेताचा, ऊन मात्र भरपूर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्री उशिरापर्यंत खोल्यांत सोडत राहतो. अशा मुलखात वर्षातले कितीतरी महिने संध्याकाळचा संसार अंगणातच चालतो. म्हणजे बाहेरची बैठक ही इथे चैन नाही, ती घरातली सर्वात जास्त वापरली जाणारी खोली आहे. फक्त तिला भिंती नाहीत. तरीही फर्निचरच्या खर्चातला बहुतेक पैसा आत जातो आणि अंगणाच्या वाट्याला जुने, मोडके, उरलेसुरले येते.

जुन्या माळवदाच्या घरात फर्निचर असे फारसे नव्हतेच. सामान ठेवायला भिंतीतले कोनाडे, फडताळ आणि खुंट्या. बसायला घोंगडी किंवा सतरंजी, जेवायला पाट. उचलून न्यायची मोठी वस्तू एकच, ती म्हणजे बाज. शेतातल्या बाभळीचे लाकूड, गावच्या सुताराचे हात आणि सुंभाची वीण, एवढ्यावर ती तयार होई. सकाळी ती भिंतीला उभी, दुपारी तिच्यावर कुरडया वाळत, संध्याकाळी चार माणसे गप्पा मारत आणि रात्री एकजण झोपे. विणीतून खालून वारा लागे. दोर सैल पडला की पायथ्याकडून ताणून घ्यायचा. सर्वात महत्त्वाचे म्हणजे सावली सरकली की बाजही सरके. आजच्या तीन माणसांच्या जड सोफ्याला हे जमणार नाही.

पण एवढे सांगून ‘जुने ते सोने’ म्हणत थांबले तर ते अर्धेच सांगणे होईल. त्या बाजेवर बसायचे कोणी, हे ठरलेले होते. घरातले कर्ते पुरुष बाजेवर, सुना माजघराच्या दाराआड. आणि गावकुसाबाहेरून कामासाठी आलेला माणूस वयाने कितीही मोठा असला, तरी तो जोत्याखाली उभा. खुर्ची आली तीही कचेरी, शाळा आणि कारखान्याच्या वाटेने. १९३०च्या दशकात जवळच वालचंदनगर वसले. साखर कारखान्याबरोबर तिथे कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर टेबल-खुर्च्या. खेड्यात खुर्ची बराच काळ साहेबाची, तलाठ्याची आणि मास्तरांची राहिली. तेव्हा ज्यांच्या आधीच्या पिढ्या कुणाच्या तरी ओट्याखाली उभ्या राहिल्या, त्यांनी आज घरात झोकदार सोफा घेतला तर नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो सोफा वापरला जात नसेलही. पण तो तिथे असणे हे एका जुन्या अपमानाला दिलेले उत्तर असू शकते.

या बाबतीत खरी उलथापालथ केली ती प्लॅस्टिकच्या एकसंध खुर्चीने. १९७२ साली फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी एकाच साच्यातून, एकाच दमात निघणारी खुर्ची बाजारात आणली आणि पुढे तिच्या नकला जगभर झाल्या. आपल्या गावांतून ती लग्नाच्या मांडवात आणि ग्रामसभेत पोचली. दिसायला सुंदर म्हणावी अशी ती नाही. पण मांडवातल्या पाचशे खुर्च्या अगदी सारख्या असतात, त्यांत वरची-खालची नसते. घरातली बाई ती एका हाताने उचलून हवी तिथे ठेवू शकते. हे सुताराच्या कोणत्याही खुर्चीला साधले नव्हते.

तिचे दोषही ध्यानात ठेवावेत. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ होते. दोन-तीन उन्हाळे अंगणात काढलेली खुर्ची वरून धडधाकट दिसते आणि एके दिवशी पाय फाकून बसते. गुळगुळीत ओल्या फरशीवर तर ती घसरतेच. म्हाताऱ्या माणसाला अशी जुनी खुर्ची देऊ नये. पांढुरकी पडलेली, बारीक तडे गेलेली खुर्ची बसण्याच्या कामातून काढून टाकावी.

म्हातारपणाचा विषय निघालाच आहे तर सोफ्याबद्दलही बोलू. दुकानात बसून पाहतात ती तरुण मुले. खोल, मऊ, जमिनीलगतचा सोफा त्यांना आवडतो. गुडघे दुखणारी आजी मात्र त्यात बसली की उठताना दोघांचे हात मागते आणि मग बसायचेच टाळते. वयस्कर माणसाला साधारण अठरा इंच उंचीची, टणक बैठकीची आणि भक्कम हातांची खुर्ची लागते. हातावर भार देऊन त्याला आपले आपण उठता येते. आपले आपण उठता येणे याची किंमत उठता येत असते तोवर कळत नाही. म्हणून खरेदीला जाताना आजी-आजोबांना बरोबर न्यावे. ते शक्य नसेल तर निदान मोजपट्टी न्यावी.

मांडणीचेही तसेच आहे. घराच्या पूर्वेचा ओटा दुपारनंतर सावलीत येतो. संध्याकाळची बैठक तिथे. पश्चिमेची बाजू सकाळी थंड असते, पण दुपारी तिथला दगड तापतो आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तिथेच पाणी मारतो. नवे घर बांधणाऱ्यांनी पूर्वेला भिंतीलगत दीड फूट रुंदीचा पक्का कट्टा बांधून वर शहाबादी किंवा कडप्पा बसवावा. तो मोडत नाही, चोरीला जात नाही आणि अचानक आलेल्या दहा माणसांना पुरतो. लोखंडी झोपाळा किंवा पलंग बाहेर ठेवायचा तर पावसाळ्यापूर्वी रंगाचा हात द्यावा. प्लायवूडचे सामान ओसरीवर ठेवूच नये. पाण्याने ते फुगते. आतले लाकडी कपाटही ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवू नये, चार बोटे जागा सोडावी. वाळवीची सुरुवात झाली तर ती दिसते तरी.

आता शेवटचा आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कोणत्याही घरात विचारा, आजोबांची खुर्ची कोणती, ती लगेच दाखवतात. आजीची कोणती, असे विचारले की घरचे एकमेकांकडे पाहतात. चुलीपुढे ती पाटावर बसत होती. गॅस आला आणि ती ओट्यापाशी उभी राहिली. भाजी निवडायला ती जमिनीवर, जेवायला सगळ्यांच्या नंतर, आणि टीव्हीची मालिका दाराच्या चौकटीला टेकून. लाख-दीड लाखाच्या फर्निचरमध्ये तिच्या हक्काची बैठक नसते, आणि तिनेही ती कधी मागितलेली नसते. स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीला जुळणारे एक उंच स्टूल, आणि परसात, पाण्याच्या टाकीजवळच्या सावलीत, हातांची एक खुर्ची, एवढ्याला कितीसा खर्च येतो? सोफ्याच्या एका उशीइतका!

तेव्हा दुकानात जाण्याआधी आठ दिवस एक करा. घरातले कोण, केव्हा, कुठे बसते ते कागदावर लिहा. कोण उभेच असते तेही लिहा. मग त्या उभ्या माणसापासून खरेदीला सुरुवात करा. दिवाणखान्याचा सोफा त्यानंतर घेतला तरी चालेल; पाहुणे तसेही बाहेरच बसणार आहेत.