कुद्रेमुखाचें लोखंड

खनिज भूगर्भांत पडून राहिलें म्हणजे तें वायां गेलें, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गांत चांगलाच रूढ आहे. कर्नाटकांतील कुद्रेमुखाची लोखंडाची खाण २००५ सालीं बंद झाली, तरी ‘निसर्गानें दिलेलें धन गाडून ठेवावयाचें काय?’ असें म्हणून तिच्यासाठीं हळहळणारे आजहि भेटतात. म्हणून त्या डोंगराचा जमाखर्च एकदां नीट मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

घोड्याच्या मुखासारखा दिसतो म्हणून कानडींत हें नांव पावलेला हा डोंगर सुमारें १,८९० मीटर उंच आहे. आपल्याकडील सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. कुद्रेमुखाचा खडक अडीचशें कोटि वर्षांहूनहि जुना. आद्य सागराच्या तळाशीं गारगोटी आणि चुंबकी लोखंड यांचे थरांवर थर बसून तो घडला. त्याच्या घळींत ‘शोला’ नांवाचीं ठेंगणीं, सदाहरित रानें आहेत व सभोंवार गवताळ माथे. वर्षास सहा-सात हजार मिलिमीटर पडणारा पाऊस हीं रानें आणि हें गवत मुरवून घेतात व पुढें महिनोन्‌महिने झिरपवितात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम याच डोंगररांगेंत आहे. पैकीं पहिल्या दोन एक होऊन कृष्णेस मिळतात.

येथील लोखंडाचा शोध १९१३ सालीं संपत अय्यंगार या भूशास्त्रज्ञानें लाविला. पुढें १९७५ सालीं इराणशीं करार झाला, इराणनें कर्ज देऊं केलें, आणि १९७६ सालीं सरकारी कंपनी स्थापन झाली. परंतु १९७९ सालीं इराणच्या शहाची सत्ता गेली, आणि ज्याच्यासाठीं डोंगर फोडावयास घेतला तो गिऱ्हाईकच नाहींसा झाला! तरीहि खाण चालू झाली. दुसरीं गिऱ्हाइकें शोधण्यांत आलीं. येथील दगडांत लोखंडाचा अंश एकतृतीयांशाच्या आसपास. तो वेगळा करून पाण्यांत कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळांतून मंगळूरच्या बंदराकडे जाई. उरलेला चोथा साठविण्यास लाक्या नांवाचें धरण बांधावें लागलें, आणि पावसाळ्यांत खाणीचा गाळ भद्रेंत उतरे. १९८७ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें, तरी त्याच्या कुशींत सुरुंग उडतच राहिले. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निर्णयानुसार २००५ अखेर खाण बंद झाली.

खाणीबरोबर तेथील वसाहत ओस पडली, अनेकांची रोजी गेली, हें खरें आहे. त्या दुःखास कमी लेखण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु खाणीचें पोट कधीं तरी रितें व्हावयाचेंच असतें. न्यायालयानें केवळ तो दिवस अलीकडे आणला. शिवाय मंगळूर येथील कंपनीचा कारखाना दुसरीकडून खनिज आणून चालविण्यांत आला. म्हणजे लोखंडास पर्याय होता. शोलास मात्र नाहीं. उघड्या गवतांत त्या झाडांचीं रोपें सहसा तग धरीत नाहींत. एकदां तोडलेलें शोला आपल्या आयुष्यांत परत उभें राहील, ही आशा व्यर्थ होय. सिंहपुच्छ वानर तर पश्चिम घाटाच्या सदाहरित रानांखेरीज जगांत कोठेंहि नाहीं. उलट, अडीचशें कोटि वर्षें टिकलेलें लोखंड आणखी शंभर वर्षें पडून राहिल्यानें गंजून जाणार आहे काय?

आम्ही लोखंडाचे वैरी नव्हे. ज्या छापखान्यांत हे शब्द छापले जातात तोहि लोखंडाचाच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं खनिजाची किंमत ठरवितांना रान आणि नदी यांची किंमत शून्य धरण्याची रीत हा हिशेब नव्हे, ती लबाडी आहे. गडचिरोलींतील सूरजागडावर लोखंडाची खाण चालू असतां महाराष्ट्रानें हा हिशेब शेजाऱ्याच्या वहींतून शिकावा. स्वतःच्या नुकसानीनें शिकण्याची वाट पाहूं नये.