वाटेवरचे लेणे

सुट्टी लागली की मुंबई-ठाण्याची अनेक व्यापारी कुटुंबे कर्जतकडे निघतात. कर्जत-मुरबाड रस्त्यावर कडाव लागते. तेथील दिगंबर सिद्धिविनायकाचे मंदिर मागे पडले, की मुक्कामाचे ठिकाण गाठण्याची घाई होते. मात्र कशेळ्याच्या पुढे, कोथळीगडाच्या परिसरात, घटकाभर थांबावे असे एक स्थान आहे : आंबिवलीचे लेणे.

नदीच्या वळणावर कातळात कोरलेले हे चौकोनी दालन. तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या, भिंतीलगत दगडी ओटा आणि पुढे खांबांची ओसरी. लेणे बौद्ध भिक्षूंचे आहे. त्यांचा वर्षावास आणि आपल्या साधु-साध्वींचा चातुर्मास या एकाच श्रमणपरंपरेच्या दोन शाखा. पावसात उगवणारे अंकुर व सूक्ष्म जीव पायाखाली येऊ नयेत, म्हणून विहार थांबवावा, ही करुणा दोहोंत समान आहे.

अशा निवाऱ्यांचा खर्च कोणी उचलला, हेही जाणण्यासारखे आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहावर वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. घाटमाथ्यावर मावळात पाले येथे तर एका छोट्या लेण्यातील ब्राह्मी लेखाचा आरंभच 'नमो अरहंतानं' असा आहे. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून जैन लेख म्हणून प्रसिद्ध केला. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविले, एवढाच त्याचा आशय. निवारा आणि पाणी! आजही धर्मशाळा व पाणपोई बांधणाऱ्या श्रावकास हे दान परके वाटणार नाही.

लेणे आपले की दुसऱ्यांचे, असा प्रश्न मुले विचारतील. बौद्धांचे आहे, असे स्पष्ट सांगावे आणि तेवढ्याच आदराने ओट्यावर शांत बसावे. अनेकान्ताचा पाठ याहून सोपा कोणता? प्राचीन भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव ओरखडणाऱ्या हाताला मात्र तेथेच थांबवावे. भूतपालाचे नाव दानाने राहिले; ओरखड्याने केवळ दुसऱ्याचे दान विद्रूप होते.

सकाळीच निघावे, गाळलेले पाणी सोबत ठेवावे, कचरा परत आणावा. सूर्यास्तापूर्वीचे भोजन मुक्कामी पोहोचून सहज होते.