सादळलेली टिकली

चौथीत असताना नऊ सप्टेंबरच्या नाटुकल्यात मला शिरीषकुमार व्हायचं होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच व्हायचं होतं. माझी खाकी चड्डी धड होती आणि उंची जरा जास्त, म्हणून गुरुजींनी मला शिपाई केलं. हातात टिकल्यांचं पिस्तूल. ऐन वेळी चाप ओढला तर नुसतं ‘टक्’. पावसाळी हवेत टिकल्या सादळलेल्या. तरी शिरीषकुमार झेंड्यासकट कोसळला, टाळ्या पडल्या, आणि मी तसाच उभा. शिपायानं पुढं काय करायचं, हे गुरुजींनी सांगितलंच नव्हतं.

यंदाचा अंक युद्धपटांवर काढायचं ठरलं तेव्हा तो शिपाई पुन्हा आठवला.

९ सप्टेंबर १९४२ नंदुरबारला सांगावा लागत नाही. माणिक चौकात पोलिसांनी पोरांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही पाच नावं इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. शिरीष पंधरा वर्षांचा होता. बंदूक मुलींच्या दिशेनं वळली तेव्हा तो छाती काढून पुढं आला, असं आम्ही ऐकत आलो. पण ती बंदूक कुणाच्या खांद्याला होती? आमच्या गोष्टीत बंदूक आपोआपच उडते.

चांगला युद्धपट नेमका त्या खांद्याजवळ कॅमेरा नेतो. ‘आय इन द स्काय’ (२०१५) पाहिला असेल तर आठवेल. नैरोबीच्या गल्लीत एक पोरगी पाव विकायला बसते, नि हजारो मैलांवरून ड्रोन चालवणारा तरुण सैनिक तिच्यासाठी अडून बसतो. मग वरिष्ठ काय करतात? ती मरण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आत बसेपर्यंत आकडा पुन्हा पुन्हा काढायला लावतात. मला त्या सिनेमात स्फोटापेक्षा ही आकडेमोडच जास्त भीतीदायक वाटली.

आणि ज्यानं चाप ओढलाच नाही, तो? २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळीबाराचा हुकूम झाला. हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी तो पाळला नाही. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, सुटका झाली ती १९४१ मध्ये. त्यांना गांधीजींची शाबासकी मिळाली असेल असं आपण धरून चालतो. पण एका फ्रेंच पत्रकारानं विचारलं तेव्हा गांधीजींनी या आज्ञाभंगाची पाठराखण केली नाही. आज शिपायाला हुकूम मोडायला शिकवलं, तर उद्या स्वराज्यातही तो तेच करील, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटत नाही. पण खोडूनही काढता येत नाही, आणि कुठल्याही पटकथेला एवढा पेच पुरेसा आहे.

आपल्या सातपुड्यात तर हा पेच जुनाच. इंग्रज अधिकारी आउट्रमनं १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि १८५८ मध्ये अंबापाणीच्या लढाईत समोरही भिल्लच होते. दोन्हीकडची माणसं एकाच बोलीत ओरडली असतील. यावर सिनेमा निघालेला मी तरी पाहिला नाही.

तो निघेल तेव्हा निघेल. माझ्या डोक्यात माणिक चौकाच्या सिनेमाचा एकच प्रसंग पक्का आहे. संध्याकाळ. पोलीस लाइनीत शिपाई बंदूक जमा करतोय. समोरचा जमादार वही उघडून विचारतो, किती नेली होती, किती परत आणली? शिपाई काडतुसं टेबलावर मांडतो. जमादार मोजतो. शिपाई खाली मान घालून पुन्हा मोजतो. घरी त्याचाही पोरगा असेल, शाळेत जाणारा.

अंक हाती देतो आहे. फराळ करता करता वाचा. पोरांना टिकल्या आणल्या असतील तर डबीत घट्ट झाकून ठेवा, यंदा हवेत ओल आहे.