जुना खोकला, नवा धोका

थंडी पडली की आमच्या दवाखान्याचा बाक सकाळपासूनच खोकणाऱ्या मंडळींनी भरतो. बहुतेक पन्नाशी-साठीचे, वीस-तीस वर्षे बिडी ओढलेले. चार पावले चालले की धाप लागते. लोक याला दमा म्हणतात. आम्ही डॉक्टर सीओपीडी म्हणतो. दम्यात श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. या रोगात झालेली हानी भरून येत नाही.

या रोगामागे आणखी एक धोका असतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती आहेच. पण ज्याच्या श्वासनलिका आधीच खराब झाल्या आहेत, त्याला ती तेवढीच बिडी ओढणाऱ्या इतरांपेक्षा दुपटीहून अधिक आहे. धुरामुळे श्वासनलिका सतत सुजलेल्या राहतात, घाण बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि विषारी द्रव्ये आतच साचतात. पेशी वारंवार मरतात, नव्या तयार होतात; या दुरुस्तीत चुका साचल्या की कर्करोगाला सुरुवात होते.

मालेगाव तालुक्यातील एक शेतकरी अनेक वर्षे माझ्याकडे येत. एकदा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खोकला तं जुनाच हाये, पन औंदा आवाज बसला." मीही जुनाच रोग समजून औषध बदलून दिले. दोन महिन्यांनी थुंकीत रक्त आले, एक्स-रेत गाठ दिसली. तेव्हा फार उशीर झाला होता. ती चूक माझी होती, म्हणूनच हे लिहीत आहे.

खोकल्याची तऱ्हा बदलली, थुंकीत रक्त आले, आवाज बसला, छाती दुखू लागली किंवा वजन उतरले, तर 'नेहमीचेच आहे' म्हणू नका. एक्स-रे काढा, थुंकी तपासा. एक्स-रेतला डाग म्हणजे क्षयच, असेही धरून चालू नका. थुंकीत जंतू सापडले नाहीत किंवा औषधाने डाग कमी झाला नाही, तर सिटी स्कॅन व गाठीचा तुकडा तपासण्यासाठी अकोला किंवा नागपूर गाठा.

"आता बिडी सोडून काय फायदा?" असे पुष्कळजण विचारतात. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ५० वर्षे खुद्द डॉक्टरांचीच पाहणी झाली. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांनाही सरासरी ३ वर्षे अधिक आयुष्य लाभले. पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६ वर्षे. खराब फुप्फुस पूर्ववत होत नाही, पण त्याची घसरण मंदावते आणि कर्करोगाचा धोकाही हळूहळू उतरतो.

माझे मत स्पष्ट आहे. फुंकून श्वासाची ताकद मोजण्याची तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नित्याची व्हावी. आणि पंप लिहून देताना बिडीबद्दल चकार शब्द न काढणारा डॉक्टर अर्धेच औषध देतो, हे आम्हीही लक्षात ठेवावे. बिडी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. घरातल्या लेकी-सुनांनी तो लिहून ठेवावा आणि फोन लावून बाबांच्या हाती द्यावा.